टोपीखालचे अंडे

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी घरी परतली तेव्हा बाउक्येने कॉफीचे पाणी चढवले होते. गुलाबी साखरेचा लेप दिलेला केक कापून ठेवला होता, आणि बिस्किटांचा डबा प्रत्येकापुढे एकदा फिरवून, झाकण घट्ट लावून, पुन्हा फडताळात ठेवून दिला होता. होयतेमांच्या घरी माणशी एकच बिस्कीट मिळे. दुसऱ्याची इच्छा धरणे हे हावरेपणाचे, आणि दुसरे देऊ करणे हे उधळेपणाचे लक्षण मानले जाई. त्या सकाळी मात्र गोस्सेने आपल्या वाट्याच्या त्या एका बिस्किटालाही हात लावला नाही. ते बशीच्या कडेशी तसेच पडून राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात हे बाउक्येने दोनदाच पाहिले होते : एकदा त्याचे वडील वारले तेव्हा, आणि एकदा गावातून दुधाची डेअरी उठली तेव्हा.

"उद्या शेवटचा दिवस आहे," गोस्से म्हणाला. "मी अपील करणार."

जावई डीदेरिक कॉफीत दूध ओतत होता, तो ओततच राहिला. "कशाविरुद्ध?"

"निकालाविरुद्ध."

"पण बाबा, निकाल आपल्या बाजूने लागलाय."

"तुमच्या बाजूने लागलाय, जावईबापू. माझ्या बाजूने लागला असता तर मला शिक्षा झाली असती."

डीदेरिकने आपल्या पत्नीकडे पाहिले. येल्त्येने आपल्या भावाकडे, वोब्बेकडे, पाहिले. वोब्बेने खिडकीबाहेर गाईंकडे पाहिले. गाई कोणाकडेही पाहत नव्हत्या.

या प्रांतात टिटवी हा केवळ पक्षी नव्हे. आपल्या अंड्यांसाठी प्रत्यक्ष समुद्रालाही जाब विचारणाऱ्या टिटवीची गोष्ट आपण बालपणी ऐकलेली असते. येथे तर समुद्राला बांध घालून मागे सारलेल्या भूमीवरच ती घरटे करते, आणि वसंताच्या आरंभी तिचे पहिले अंडे कोणाला सापडले ही वार्ता गावात राजपुत्राच्या जन्मासारखी पसरते. पूर्वी शोधणारा ते अंडे टोपीखाली, डोक्याच्या उबेत, घरी आणीत असे. पुढे पक्षी विरळ झाले आणि कायदा आला : अंडे शोधावे, डोळे भरून पाहावे, गवत कापणाऱ्याला दिसावे म्हणून घरट्याशेजारी दोन काठ्या रोवाव्यात, आणि रिकाम्या हाताने परतावे. हा कायदा गावातल्या पक्षिरक्षक मंडळाला पटवून दिला तो गोस्सेनेच. आणि त्याच गोस्से होयतेमाने, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, यंदाच्या हंगामाचे गावातले पहिले अंडे उचलले आणि टोपीखाली घातले.

तो पकडला गेला तो चोरीतल्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर सुसंस्कारामुळे. बांधावर वनखात्याची एक तरुण निरीक्षिका समोरून आली, तिने "सुप्रभात" म्हटले, आणि स्त्रीने अभिवादन केले असता पुरुषाने टोपी उचलावी या लहानपणापासूनच्या वळणानुसार गोस्सेने टोपी उचलली. अंडे कपाळावरून, भुवईवरून, नाकावरून घरंगळले. निरीक्षिका चपळ होती. तिने ते वरच्यावर झेलले. दोघेही काही काळ त्या अंड्याकडे पाहत उभे राहिले. मग गोस्सेने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हटले, "छान झेललंत."

कोर्टात त्याच्या वतीने उभा राहिला तो डीदेरिक. त्याची वकिली मोठ्या शहरातल्या सदनिकांच्या भांडणांत मुरलेली. त्याने न्यायाधीशीणबाईंना अत्यंत हृद्य शब्दांत सांगितले की, माझ्या वृद्ध सासऱ्यांना ते घरच्या पाळीव बदकाचे अंडे वाटले. न्यायाधीशीणबाईंचे हृदय द्रवले. गुन्हा घडला हे खरे, त्या म्हणाल्या. परंतु आयुष्याच्या संध्याकाळी ज्याचा विवेक मंदावला आहे, अशा सज्जनाला दंड करणे न्यायाला शोभणार नाही. शिक्षा : काही नाही.

"काही नाही," गोस्से आता म्हणत होता. "काहीच नाही. थोडा दंडसुद्धा नाही. मांजराने दूध सांडलं तरी त्याला याहून जास्त मिळतं."

"बाबा, लोक सुटले तर केक वाटतात," येल्त्ये म्हणाली. ती जिल्ह्याच्या आरोग्यखात्यात मोठ्या हुद्द्यावर होती आणि घरच्यांशीही बैठकीत बोलावे तशी बोले. "तुम्ही सुतक पाळताय."

"टिटवीचं अंडं आणि बदकाचं अंडं. येल्त्ये, तू चार वर्षांची होतीस तेव्हा तुला फरक कळत होता. आणि हे न्यायाधीशांच्या सहीशिक्क्यानिशी लिहिलंय, की मला कळत नाही."

"कोण वाचतं ते?"

या प्रश्नावर वोब्बेने प्रथमच तोंड उघडले. "सगळे." तो गोठ्याचा, यंत्रांचा आणि शांततेचा माणूस, कुटुंबात भांडण झाले की त्याला नेमकी कुठलीतरी गाय आजारी आहे हे आठवे. "वर्तमानपत्रात आलं होतं. आपल्या दारात कोणीतरी अंड्यांची टोपली ठेवून गेलं. प्रत्येक अंड्यावर चिठ्ठी. 'कोंबडी.' 'कोंबडी.' 'बदक.' मी आई उठायच्या आत उचलली."

"मी पाहिली होती," बाउक्ये म्हणाली. "त्यातल्याच अंड्यांचा हा केक आहे."

डीदेरिकने हातातला तुकडा हळूच बशीत ठेवला.

"बेकरीतली बाई माझ्याशी सावकाश बोलते," गोस्से म्हणाला. "काल पाव देताना म्हणाली, 'हा पाव आहे, आजोबा.' मी म्हटलं, खात्री आहे ना, नाहीतर मी घरी नेऊन उबवायला ठेवीन."

हे सारे सोसण्यासारखे होते. न सोसण्यासारखे होते ते दुसरेच, आणि ते घरातच घडले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी येल्त्येचा फोन आला, आणि त्याच संध्याकाळी वोब्बेने गोठ्यामागच्या भिंतीवरची, पाटांवरून उडी घ्यायची वडिलांची लांब काठी काढून यंत्रांच्या खोलीत कुलपात ठेवली. ज्याचा विवेक मंदावला आहे असे खुद्द कोर्ट म्हणते, त्याला ओल्या कुरणात आणि पाण्याने भरलेल्या पाटांत कसे जाऊ द्यायचे? मुलांचे म्हणणे तर्काला धरून होते. निकाल तसाच उभा राहिला तर गोस्सेचे कुरण संपले.

आणि त्याच्याबरोबर बाउक्येचेही संपले. परंतु हे कोणाला ठाऊक नव्हते.

ती हे मनात घोळवीत कॉफीची किटली घेऊन उभी होती. गेल्या काही वर्षांत गोस्सेच्या डोळ्यांवर धुके उतरले होते. त्याने ते कोणाला सांगितले नाही, डॉक्टरला तर नाहीच. डॉक्टर मंडळाचा चिटणीस होता. सांगितले फक्त तिला, तेही असे : "बाउक्ये, उद्या माझ्याबरोबर चल. डबा जड होतो." डबा मुळीच जड नव्हता. पण ती गेली. ज्या कुरणाच्या गोष्टी ती लग्नापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ऐकत आली होती, त्यात ती प्रथम उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आले की आपल्याला दिसते. टिटवी उठते कुठून आणि उठल्याचा आव कुठून आणते, नर उगाच गिरक्या कोठे घेतो, गवताचा कुठला खळगा गाईच्या पायाचा आणि कुठला पक्ष्याने छातीने घोटलेला. सारे पुस्तकाच्या पानासारखे उलगडे. लांब बांधांवरून इतर शोधणारे पाहत असत, म्हणून ती बोलत नसे, खोकत असे. एकदा खोकली तर टिटवी, दोनदा तर लांबचोच्या टिवळा, तीनदा तर शिंपलेफोड्या, चारदा तर लालपाय्या. गोस्से तिकडे वळे, वाके, आणि लांबचे लोक म्हणत, म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत आहे. बायकोची छाती मात्र बिघडलेली दिसते.

यंदाचे पहिले अंडेही तिनेच पाहिले होते. एकदा खोकून ती डबा आवरायला मागे राहिली, आणि गोस्से एकटाच बांधाकडे पुढे निघाला.

"असं करू," येल्त्ये म्हणाली, आणि तिने पेला अशा रीतीने खाली ठेवला की बैठक सुरू झाली हे सर्वांना कळले. "भावनेने नको. आजोबांची अंड्यांची पेटी काढू. बाबांनी एकेक अंडं ओळखावं. सगळी ओळखली, तर उद्या मी स्वतः गाडी चालवत त्यांना कोर्टात नेईन. नाही ओळखली, तर हा विषय बंद, आणि काठी कुलपातच."

"मान्य," गोस्से तत्काळ म्हणाला. त्याने बाउक्येकडे पाहिले नाही. पाहण्याची गरजही नव्हती.

"मी याच्या विरोधात आहे," डीदेरिक म्हणाला. "माझं म्हणणं असं, की जिंकलेल्या खटल्याला..."

"तू गप्प बस," येल्त्ये म्हणाली. "बदक तुझंच होतं."

"बदक वोब्बेचं होतं."

"माझी बदकं फिकट हिरवी, गुळगुळीत अंडी घालतात," वोब्बे गाईंकडे पाहत म्हणाला. त्याच्या आवाजाला अनपेक्षित धार आली होती. "टिटवीचं मातकट, ठिपक्यांचं, एका टोकाला निमुळतं. माझ्या बदकाने तसलं घातलं तर मी तिला डॉक्टरकडे नेईन. कोर्टात हे ऐकताना मला बाबांची नाही, बदकांची लाज वाटली."

अशा रीतीने वोब्बे वडिलांच्या बाजूला सरकला, हे बाउक्येच्या ध्यानात आले. आणि हेही की त्याच्या खिशात यंत्रांच्या खोलीची किल्ली आहे.

पेटी आली. बाउक्येच्या सासऱ्यांच्या हातची, काचेच्या झाकणाची, आत कापसाच्या कप्प्यांत आतून रिकामी केलेली जुनी अंडी. येल्त्येने झाकण उघडले आणि पाठमोरी होऊन अंडी आपल्या क्रमाने मांडली. गोस्से खुर्चीत ताठ बसला. बाउक्ये भिंतीशी, गळ्यातल्या रुमालाला हात लावून उभी राहिली, जशी मूर्तीच्या मागे पुजारीण.

येल्त्येने पहिले अंडे वडिलांच्या तळहातावर ठेवले.

बाउक्ये दोनदा खोकली.

"लांबचोच्या," गोस्से म्हणाला.

"बरोबर." येल्त्येच्या भुवया किंचित वर गेल्या. दुसरे.

बाउक्ये चारदा खोकली.

"लालपाय्या. आणि जुनं आहे. कडेला तडा गेलाय."

"बरोबर. तडासुद्धा." येल्त्ये आता वडिलांकडे नीट पाहू लागली. वोब्बेने खिशातल्या किल्लीशी चाळा सुरू केला.

डीदेरिक स्वभावाने वाईट नव्हता. हे त्याच्याविषयी वारंवार सांगावे लागते. सासूबाई इतक्या खोकतात आणि कोणाला त्याचे काही नाही, हे पाहून त्याचा जीव कळवळला. त्याने खिशातून खारट ज्येष्ठमधाची एक काळी वडी काढली, उठून सासूबाईंपाशी गेला आणि म्हणाला, "आई, ही चघळा. घसा मोकळा होईल."

"नको."

"घ्याच. मला बरं वाटेल."

घरी आलेल्या जावयाच्या हातचे नाकारणे शोभले नसते. बाउक्येने वडी तोंडात टाकली. येल्त्येने तिसरे अंडे गोस्सेच्या हातावर ठेवले.

ते टिटवीचे होते. बाउक्येने एकदा खोकण्यासाठी श्वास आत घेतला, आणि श्वासाबरोबर वडीही आत गेली. मग तिला खराखुरा ठसका लागला. ती एकदा खोकली, दोनदा खोकली, तिचा चेहरा लाल झाला. डीदेरिकने तिच्या पाठीत दणके घालायला सुरुवात केली, आणि प्रत्येक दणक्यासरशी आणखी एक खोकला बाहेर पडला. अखेर वडी उडून केकवर जाऊन पडली.

गोस्सेने एकूण सात मोजले होते.

सात खोकल्यांचा पक्षी त्यांच्या संकेतात नव्हता. गोस्सेने अंड्यावरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. चारच्या पुढे, तो विचार करीत होता हे बाउक्येला स्पष्ट दिसले, चारच्या पुढे मोठे पक्षी असणार. बदक पाच. रानहंस सहा. म्हणजे सात... ती मान हलवीत होती; परंतु मान हललेली त्याला दिसणार कशी?

"हंस," गोस्से म्हणाला.

त्याच्या तळहातावर ते अंडे मुठीत मावून वर जागा उरेल एवढे होते.

"हंसाचं, बाबा?" येल्त्येने विचारले. तिच्या आवाजातली बैठक विरून गेली होती. उरली होती ती केवळ मुलगी.

"हंसाचं," गोस्से म्हणाला, पण कमी खात्रीने.

वोब्बेने किल्ली खिशात खोल सारली. डीदेरिकने सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात जी दया होती, ती न्यायाधीशीणबाईंच्या दयेची सख्खी बहीण होती, आणि तीच बाउक्येला सहन झाली नाही.

"हात काढा," ती म्हणाली. पाण्याचा पेला तिने एका दमात संपवला. "त्याची काही चूक नाही. मी सात वेळा खोकले."

"म्हणजे?"

"एक खोकला म्हणजे टिटवी. दोन म्हणजे लांबचोच्या. याला दिसत नाही, येल्त्ये. चार वर्षं झाली. कुरणात मी बघते, खोकते, हा वाकतो."

"बाउक्ये," गोस्से खालच्या आवाजात म्हणाला.

"आता काय लपवतोस? हंस झाला ना."

येल्त्ये खुर्चीत बसली. "आई, तुझ्या या खोकल्यासाठी मी तुला दोनदा फुप्फुसाच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढले."

"फोटो छान आले होते."

"मग यंदाचं पहिलं अंडं?" वोब्बेने विचारले.

"मी पाहिलं."

वोब्बेने आईकडे अशा दृष्टीने पाहिले जणू ती त्याला प्रथमच दिसत होती. गावाच्या स्मरणात पहिले अंडे कोणा बाईला सापडल्याचे त्याला आठवत नव्हते. गोस्से मात्र हातातल्या अंड्यावरून अजूनही अंगठा फिरवीत होता.

"हात सांगत होता टिटवी," तो म्हणाला. "पहिल्या क्षणालाच सांगत होता. निमुळतं टोक, बरोबर तेवढं वजन. पण तू सात वेळा खोकलीस. मी म्हटलं, हात चुकत असेल. हिला काहीतरी दिसतंय."

"अरे, पण हंस? एवढासा?"

"मी म्हटलं, हंसाच्या पिल्लाने घातलं असेल."

प्रथम हसला तो वोब्बे. वोब्बेचे हसणे घराने बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. ते लोखंडी दार उघडल्यासारखे करकरत आले. मग येल्त्ये हसली, हसता हसता तिने डोळे पुसले. डीदेरिक मात्र हसत नव्हता. त्याच्या मुद्रेवर हळूहळू एक तेज चढत होते. एखादा निद्रिस्त वकील जागा व्हावा तसे.

"थांबा," तो म्हणाला. "बाबा, कुरणात ते अंडं तुम्ही उचललंत, तेव्हा आई किती वेळा खोकल्या होत्या?"

"एकदा."

"म्हणजे ते टिटवीचं आहे, हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं."

"हिने सांगितलं म्हटल्यावर काय, देवाने सांगितल्यासारखंच."

"आणि उचलणं गुन्हा आहे, हेही?"

"तो कायदा मीच गावाला शिकवला."

"मग गैरसमज नाही. विवेक जागेवर. हेतू शंभर टक्के." डीदेरिकने हात जोडावेत तसे हात एकत्र आणले. "बाबा, अभिनंदन. तुम्ही अस्सल गुन्हेगार आहात."

"दोन आठवडे मी दुसरं काय सांगतोय?"

"पण मग उचललंत तरी का?" येल्त्येने विचारले. "तुम्ही. सगळ्यांत तुम्ही."

गोस्सेने अंडे कापसावर ठेवले.

"माझ्या बापाने पहिलं अंडं आणलं तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेतलं. मी आणलं तेव्हा वाजंत्री होती. हिला मिळालं, आणि हिने खोकायचं, आणि दोन काठ्या रोवून घरी येऊन बटाटे सोलायचे? मी म्हटलं, निदान हिच्या बशीत एकदा ठेवीन. हिला बघू देईन. मग परत नेऊन ठेवणार होतो."

"मी ते आधीच बघितलं होतं, गोस्से. मीच तर बघितलं होतं."

"तेही खरंच," गोस्से म्हणाला. "ते माझ्या लक्षात आलं नाही."

डीदेरिकने लेखणी काढली, आणि येल्त्येने, जी आता नवऱ्याच्या नव्हे तर वडिलांच्या बाजूला जाऊन बसली होती, एक तोडगा सुचवला. "आईला यात ओढायला नको. 'अंडं टिटवीचं असल्याचं आरोपीला कोणीतरी सांगितलं होतं' असं लिहू. मंडळात बाबांची शोभा नको. बायको दाखवायची आणि हे वाकायचे, म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

वोब्बेने मान डोलावली. बाउक्येनेही किटली उचलली. तिला वाटले, एवढे झाले हेच पुष्कळ. काठी परत मिळेल, कुरण परत मिळेल, खोकण्यात काय जाते?

"कोणीतरी?" गोस्से म्हणाला.

"बाबा, शब्द आहे नुसता."

"पन्नास वर्षं मी ज्या घरात जेवतो, तिथे 'कोणीतरी' स्वयंपाक करत नाही. जावईबापू, लिहा. बाउक्ये होयतेमा. पूर्ण नाव. माहेरचंही घाला, तिच्या भावाला कळू दे. अंडं तिने पाहिलं. मी फक्त वाकलो."

"वाकलास," बाउक्ये म्हणाली, "आणि परत सरळ मी केलं."

"तेही लिहा."

डीदेरिक लिहीत राहिला. येल्त्येने लगेच दुसरा विषय काढला : हा मोतीबिंदू असणार, अगदी साधे काम, उद्या कोर्टातून परस्पर डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ, महिन्याभरात बाबांना लख्ख दिसू लागेल. बाउक्ये आनंदाने हो म्हणाली. आनंद खराही होता. फक्त किटली फडताळापाशी नेताना तिला स्वयंपाकघराची ती जुनी खिडकी दिसली, आणि खिडकीतून दिसणारे ते लांबवरचे कुरण.

"हंगाम संपल्यावर," गोस्से म्हणाला.

"का? इतकी वर्षं लपवलंत, आता तरी..."

"आधी एक गुन्हा निस्तरू दे. घाई काय आहे? मला यंदा पुरेसं दिसतंय."

आणि बशीच्या कडेशी पडलेले आपले बिस्कीट त्याने चाचपून उचलले, दोघांमधले अंतर अंदाजाने मापले, आणि बाउक्येच्या बशीत ठेवले. त्या घरात दुसरे बिस्कीट कोणी कोणाला दिल्याचे कोणी पाहिले नव्हते. मुलांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिले. बाउक्येने ते खाल्ले.

सोमवारी सकाळी सारे कुटुंब प्रांताच्या मुख्य शहरात, लेउवार्डनच्या न्यायालयात, अपील नोंदवण्याच्या खिडकीपुढे उभे होते. बाहेर गाडीच्या टपावर लांब काठी बांधलेली होती. वोब्बेने कोणाला न विचारता ती कुलपातून काढली होती. खिडकीतली कारकून बाई मध्यमवयीन, चष्मेवाली, सोमवारला सरावलेली. तिने "सुप्रभात" म्हटले. गोस्सेने टोपी उचलली. बाउक्येचा तळहात आपोआप त्याच्या नाकाखाली गेला.

टोपीखाली काही नव्हते. बाउक्येने हात मागे घेतला आणि रुमाल नीट केला.

"शिक्षा फार झाली म्हणून अपील?" कारकून बाईने विचारले.

"कमी झाली म्हणून," गोस्से म्हणाला.

बाईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते सरकारी वकील करतात."

"त्यांनी केलं नाही. मी वाट पाहिली."

"आरोपीलाही करता येतं," डीदेरिक पुढे सरसावला. "कारणं जोडली आहेत. आमचं म्हणणं आहे की खालच्या कोर्टाने आरोपीच्या अकलेचं अवमूल्यन केलं. आणि पहिल्या खेपेला वकिलानेही."

"वकील कोण होता?"

"मीच."

कारकून बाईने या उत्तराची कुठे नोंद करायची याचा थोडा वेळ विचार केला आणि नोंद केली नाही. कागद तिने गोस्सेपुढे सरकवला. "सही करण्याआधी एकदा वाचा. सगळं तुमच्या मनासारखं आहे ना, पाहा."

गोस्सेने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे वळवला. मागे रांगेतली माणसे उभी होती; त्यात शेजारच्या गावच्या पक्षिरक्षक मंडळाचा एक जण होता, आणि त्याने गोस्सेला ओळखले होते हे त्याच्या ओठांच्या कोपऱ्यावरून दिसत होते. बाउक्येने ते पाहिले. तिने हळूच घसा साफ केला, एकदा. सवय झाली होती.

"खोकू नकोस, बाउक्ये," गोस्से म्हणाला. त्याने कागद तिच्या हातात दिला. "वाच. मोठ्याने."

तिने वाचायला सुरुवात केली. आवाज प्रथम बसका होता. चार वर्षे त्या घशाला कुरणात एक शब्द उच्चारण्याची मुभा नव्हती. पण दुसऱ्या ओळीपासून तो मोकळा झाला, आणि अपील नोंदवण्याच्या खिडकीपुढची रांग, कारकून बाई, आणि शेजारच्या गावचा तो मनुष्य, सारे ऐकू लागले.

"'अंडे टिटवीचे आहे हे आरोपीला उचलताना पूर्णपणे ठाऊक होते,'" बाउक्येने वाचले, "'कारण ते त्याच्या पत्नीने शोधले होते, आणि ती चुकत नाही.'"

"चारच्या पुढे मात्र गडबड होते," गोस्से म्हणाला, आणि ती बोट ठेवील तेथे सही करण्यासाठी वाकला.